हृदयरोग आणि संगीत: कोणता राग ऐकायचा, की कोणती लय?

मंद्रसप्तक (धागाकर्ती)

धमनीत साठलेली चरबी कोणताही राग ऐकून विरघळत नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण 'अमुक राग चाळीस दिवस ऐका, ब्लॉकेज जाईल' अशी यादी माझ्याकडे नातेवाईकांच्या तीन वेगवेगळ्या गटांतून आली. त्यांतल्या एका गटात नुकतीच अँजिओप्लास्टी झालेले काका आहेत आणि ते ही यादी मनापासून वाचतात. मी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि गाण्यावर माझं फार प्रेम आहे. या दोन्ही कारणांनी हा विषय नीट मांडावासा वाटला.

संगीताचा हृदयावर परिणाम होतो. तो मोजताही येतो. फक्त तो कुठून होतो हे समजून घेतलं पाहिजे.

हृदयाचा स्वतःचा जन्मजात वेग मिनिटाला साधारण १०० ठोक्यांचा असतो. निवांत बसलेल्या माणसाची नाडी ७० च्या आसपास लागते ती व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे. हा तंतू मेंदूकडून निघून हृदयाला सतत लगाम घालत असतो. श्वास आत घेताना लगाम थोडा सैल होतो आणि ठोके वाढतात. श्वास सोडताना तो पुन्हा ताणला जातो आणि ठोके कमी होतात. म्हणजे जे काही श्वास संथ करेल, ते हृदयापर्यंत पोचतं. गाण्याचा मुख्य रस्ता हाच आहे.

इटलीतल्या पाविया इथल्या लुचियानो बेर्नार्दी यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. २४ जण होते, निम्मे वादक-गायक आणि निम्मे संगीत न शिकलेले. त्यांना सहा प्रकारचं संगीत ऐकवलं, त्यात आपलं रागसंगीतही होतं. लय जलद झाली की श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढले. ते संगीत ऐकणाऱ्याला आवडतं की नाही, याने या आकड्यांत फरक पडला नाही. आणि मधेच दोन मिनिटं शांतता ठेवली, तेव्हा नाडी आणि रक्तदाब सुरुवातीच्या पातळीच्याही खाली उतरले!

याच गटाचा २००१ मधला अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. २३ निरोगी माणसांकडून लॅटिन भाषेतली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम् मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. रक्तदाबाचे चढउतार सावरणारी एक यंत्रणा आपल्या मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांत असते. ती या संथ श्वासाबरोबर जास्त तत्पर झाली. प्रार्थना कोणत्या धर्माची याचा संबंध नव्हता, ओळीच्या लांबीचा होता.

रुग्णांचं काय? कोक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये हृदयधमनीचा आजार असलेल्यांवरचे २६ प्रयोग, एकूण १३६९ रुग्ण, एकत्र तपासले. संगीत ऐकल्यावर चिंता कमी झाली. नाडी, श्वासाचा वेग आणि वरचा रक्तदाब थोडा उतरला. 'थोडा' हा शब्द मी जपून वापरते आहे, कारण पुराव्याचा दर्जा फारसा चांगला नाही असं त्यांनीच स्पष्ट म्हटलं आहे.

तुमचे अनुभव लिहा, आणि कोणाला यापेक्षा वेगळं माहीत असेल तर तेही.

---

पायवाट

ताई, अगदी वेळेवर धागा आला. माझ्या वडिलांना मागच्या वर्षी झटका आला. अतिदक्षता विभागात ते घाबरून गेले होते, रात्रभर डोळा लागत नव्हता. तिथल्या सिस्टरांनी परवानगी दिली म्हणून मी मोबाइलवर नाट्यगीतं लावून इअरफोन दिला. बाबा नाट्यगीतांवर पोसलेले. अर्ध्या तासात चेहऱ्यावरचा ताण गेला आणि चक्क ताना गुणगुणायला लागले.

पण तुम्ही म्हणता आवडीनिवडीने फरक पडत नाही. नाट्यगीतं काही संथ नसतात. मग हे कसं?

---

मंद्रसप्तक

पायवाट, तुमच्या बाबांना ज्याने आराम मिळाला तेही खरं, आणि पावियाचा प्रयोगही खरा.

तो प्रयोग निरोगी, निवांत माणसांवरचा होता. त्यांना कसली धास्ती नव्हती, त्यामुळे उरला तो लयीचा सरळ परिणाम. अतिदक्षता विभागातल्या माणसाचं शरीर भीतीने आधीच ताणलेलं असतं. अ‍ॅड्रेनलिन वाढलेलं, नाडी जलद, धमन्या आकसलेल्या. तिथे पहिलं काम भीती उतरवण्याचं, आणि त्यासाठी ओळखीचा, आपला वाटणारा आवाज लागतो. कोक्रेनच्या त्याच आढाव्यात हे दिसतं: रुग्णाला स्वतः निवडू दिलं तेव्हा चिंता जास्त कमी झाली. मनाची धास्ती आवडीच्या गाण्याने उतरते, श्वास मात्र लयीच्या मागे जातो. दोन्ही एकाच गाण्यात सापडलं तर उत्तमच.

म्हणून रुग्णाच्या उशाशी आपल्याला पवित्र वाटणारं काहीतरी लावून देण्याआधी त्यांना विचारावं. हे फार घरांत होत नाही. आजारी माणूस म्हटला की भजनच, असं आपण गृहीत धरतो. एखाद्याला तलत महमूद हवा असतो.

---

तबलजी_नाशिक

चाळीस वर्षं साथ करतोय, म्हणून त्या रागांच्या यादीबद्दल बोलतो.

यमन घ्या. बडा ख्याल विलंबित, म्हणजे संथ, एकतालात सुरू होतो. अतिविलंबितात एकेक मात्रा चार सेकंदांची होते, बारा मात्रांचं आवर्तन पाऊण मिनिटाच्या पुढे जातं. तासाभराने तोच गायक, तोच यमन, द्रुत तीनतालात बंदिश, आणि त्यानंतर तराणा. ऐकणारा खुर्चीत पुढे सरकून बसलेला असतो, मांडीवर हात चालू असतो. राग एकच, शरीराला मिळालेला अनुभव दोन टोकांचा. मग 'रक्तदाबासाठी यमन' या वाक्याला काय अर्थ राहिला? कुठला यमन, पहिल्या दहा मिनिटांतला की शेवटच्या?

आणखी एक. 'मिनिटाला ६० ठोक्यांचं संगीत ऐका' असं इंग्रजी लेखांत वाचतो. विलंबितात ६० कुठे मोजणार? मात्रा मोजली तर पंधरा, मधले बोल मोजले तर साठ किंवा एकशेवीस. श्रोता ठोके धरत नाही. तो गायकाच्या आलापाची लांबी धरतो, समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघतो आणि सम आली की श्वास सोडतो. किराणा घराण्याची संथ आलापी ऐकताना सभागृहातले श्वास एकत्र लांबलेले मी रंगमंचावरून अनुभवले आहेत. ताईंनी ओळीच्या लांबीचं जे लिहिलंय ते मला लगेच पटलं.

---

मंद्रसप्तक

दादा, इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. तुमच्या म्हणण्याला आधार देणारं काम पावियाच्याच गटाने २००९ मध्ये केलं आहे. आवाज हळूहळू चढत गेला की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब आणि नाडी वाढते. उतरत गेला की उलट. आणि व्हर्दी या इटालियन संगीतकाराच्या काही रचनांतली ओळ साधारण दहा सेकंदांची आहे. रक्तदाबात आपोआप येणारी नैसर्गिक लाटही जवळपास दहा सेकंदांची असते. अशा ओळी ऐकताना त्या लाटा गाण्याच्या ओळींशी जुळत गेल्या. शिकलेल्या आणि न शिकलेल्या, दोन्ही श्रोत्यांत.

---

रोखठोक_मी

सगळं छान, पण एक मोठा अभ्यास कोणीच काढला नाही. सर्बियातल्या बेलग्रेडचा. झटक्यानंतर छातीत दुखत राहणारे ३५० रुग्ण, निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना उपचार अधिक रोज अर्धा तास संगीत. सात वर्षांनी संगीत ऐकणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचं प्रमाण १८ टक्क्यांनी, पुन्हा झटका येण्याचं २३ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचं १६ टक्क्यांनी कमी. असं औषध एखाद्या कंपनीने काढलं असतं तर जगभर गाजलं असतं. डॉक्टर चिठ्ठीवर का लिहीत नाहीत?

---

मंद्रसप्तक

आकडे बरोबर आहेत. ते मार्च २०२० मध्ये अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले गेले. पण परिषदेत येतो तो गोषवारा, एखाद्या पानाचा. रुग्णांची दोन गटांत वाटणी कशी केली, किती जणांनी ऐकणं मधेच सोडलं, गोळ्या कोणी नियमित घेतल्या हे सगळं तपासायला पूर्ण निबंध लागतो. शिवाय संगीताची खोटी गोळी देता येत नाही. आपल्याला संगीताचा उपचार मिळतोय हे रुग्णाला माहीत असतंच. आणि रोज अर्धा तास ठरवून शांत बसणारा माणूस चालायला जातो का, पथ्य पाळतो का, हेही बघावं लागतं. तो अर्धा तास नुसतं डोळे मिटून बसलेल्यांशी तुलना केली असती तर मला जास्त खात्री वाटली असती.

अशीच सावधगिरी मेरीलँड विद्यापीठाच्या २००८ मधल्या प्रयोगाबाबत ठेवावी. आनंद देणारं गाणं ऐकल्यावर हाताच्या धमनीची रुंदावण्याची क्षमता २६ टक्के वाढली, आणि अस्वस्थ करणारं ऐकल्यावर ६ टक्के घटली. दिशा महत्त्वाची आहे, पण माणसं होती फक्त दहा. जपानमध्ये हृदय प्रत्यारोपण केलेल्या उंदरांना ऑपेरा ऐकवला तेव्हा ते हृदय आठवड्याऐवजी सव्वीसेक दिवस टिकलं, हेही वाचायला विलक्षण वाटतं. पण उंदरांवरून काकांच्या गोळ्या ठरवता येत नाहीत.

---

रोखठोक_मी

पटलं. तरीही अर्धा तास ऐकायला पैसे पडत नाहीत आणि नुकसानही नाही, हे मी धरून चालतो.

---

रात्रपाळी

नुकसान नाही हे नेहमीच खरं नसतं, म्हणून लिहिते. मी हृदयरोग विभागात परिचारिका आहे.

मध्यरात्री छातीत दडपण आलं, 'गॅस असेल, स्तोत्र लावून पडतो, बरं वाटेल' म्हणत माणसं सकाळपर्यंत थांबतात. गाण्याने खरंच थोडं बरं वाटतं, आणि तोच धोका आहे. धमनी बंद असेल तर मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, यांपैकी काही असेल तर १०८ ला फोन करा. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना नुसती धाप, मळमळ किंवा कमालीचा थकवा एवढंच जाणवू शकतं. गाणं रुग्णवाहिकेत ऐका.

दुसरं, विभागात मोबाइलचा स्पीकर लावू नका. एकाची भूपाळी ही शेजारच्याची झोपमोड असते, आणि आम्हाला मॉनिटरचे इशारे ऐकू यायला हवेत. इअरफोन वापरा, एका कानात पुरे. पेसमेकर किंवा शॉक देणारं यंत्र बसवलेलं असेल तर हेडफोन गळ्यात किंवा छातीवर लटकवू नका, शर्टाच्या वरच्या खिशात मोबाइल ठेवू नका. हेडफोनमध्ये चुंबक असतं, यंत्रापासून वीतभर लांब असावं. कानात घातलेलं चालतं.

आणि हो, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर ऐकायचं असेल तर जरूर विचारा. आमच्याकडे भूलतज्ज्ञ स्वतः रुग्णाला विचारतात काय लावू.

---

मंद्रसप्तक

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वरती चिकटवून ठेवावा असा आहे. ऑपरेशनबद्दल भक्कम पुरावा आहे: २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ७३ प्रयोगांचा आढावा आला, जवळपास सात हजार रुग्ण. संगीत ऐकलेल्यांना शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी जाणवल्या, चिंता कमी राहिली आणि वेदनाशामकही कमी लागलं. पूर्ण भूल दिलेली असतानाही काही प्रमाणात उपयोग दिसला.

---

चाफेकळी

माझ्या आईला पेसमेकर आहे. आमचं घर विसर्जनाच्या मार्गावर. डीजेची भिंत दारासमोर थांबते तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि आई छातीवर हात धरून आतल्या खोलीत बसते. तेही संगीतच म्हणायचं ना? मंडळाच्या पोरांना सांगायला गेलं की 'काकू, वर्षातून एकदाच' हे उत्तर. मला गणपती प्रिय आहे. आमच्या लहानपणी ढोल-ताशा, लेझीम, टाळ सगळं होतं, आणि आजी गॅलरीत बसून बघायची. आता तिच्या वयाच्या कोणाला गॅलरीत बसवू शकत नाही, याचं फार वाईट वाटतं.

---

मंद्रसप्तक

चाफेकळी, आईंना होतं ते मनाचे खेळ नाहीत. मोठा आणि अचानक आवाज मेंदू धोक्याची सूचना म्हणूनच घेतो. अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, धमन्या आकसतात, रक्तदाब चढतो. झोपेतही हे घडतं, माणूस जागा झाला नाही तरी. रहदारीच्या कायमच्या गोंगाटात राहणाऱ्यांत हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळतं, याचे पुरावे गेल्या काही दशकांत साठत गेले आहेत. ज्यांच्या हृदयाच्या विद्युतप्रवाहात एक विशिष्ट आनुवंशिक दोष असतो, त्यांना गजराच्या किंवा फोनच्या अचानक घंटेनेही जिवावर बेतणारी लय सुरू होऊ शकते.

कायदा आपल्याकडे २००० पासून आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालयांभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. भिंत यापेक्षा कितीतरी वर असते. 'वर्षातून एकदाच' हे त्या मुलांच्या बाजूने खरं असेल, पण ज्याचं हृदय आधीच दुबळं आहे त्याला एक रात्रही पुरते. मंडळाला लेखी अर्ज द्या, मिरवणुकीच्या आठवडाभर आधी, आणि प्रत पोलीस ठाण्यात. आईंना शक्य झालं तर त्या दिवशी मागच्या गल्लीतल्या नातेवाइकांकडे हलवा.

इअरफोनवरही आवाज जपा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास, ९० वर फक्त चार तास. ती कानांसाठी आहे, पण बधिर होत चाललेला कान आवाज आणखी वाढवायला लावतो.

---

उत्तरध्रुव

स्वीडनमधून नमस्कार. ऐकण्याबरोबर गाण्याबद्दलही बोलू या का?

मी राहते त्या गोटेनबर्गमध्येच २०१३ चा एक प्रयोग झाला. अठरा वर्षांच्या पंधरा मुलामुलींना एकत्र गायला लावलं: आधी एकच स्वर गुणगुणणं, मग एक स्तोत्र, मग संथ मंत्र. गाण्याच्या ओळीप्रमाणे श्वास एकत्र पडले आणि सगळ्यांच्या हृदयाचे वेग एकाच वेळी वरखाली होऊ लागले. मंत्रात सर्वांत जास्त.

इथे आम्ही काही मराठी घरं एकत्र येऊन हरिपाठ म्हणतो. ओळ संपेपर्यंत श्वास सोडत राहायचा, ध्रुवपदाच्या आधी पटकन घ्यायचा. माझ्या सासूबाई आजोळच्या दिंडीत वाढल्या. त्या म्हणतात, 'एकटीने म्हटलं की मन पळतं, दहाजणीत म्हटलं की श्वास आपोआप बसतो.' त्यांनी हा निबंध कधी वाचलेला नाही.

---

दवबिंदू

चालताना ऐकण्याबद्दल कोणी सांगेल का? मला बायपासनंतर रोज चालायला सांगितलंय आणि कंटाळा येतो.

---

मंद्रसप्तक

दवबिंदू, इथे तर जलद गाणंच हवं! लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात ट्रेडमिलवर पावलांशी जुळणारं संगीत लावलं तेव्हा माणसं थकेपर्यंत सुमारे १५ टक्के जास्त चालली. टोरांटोत हृदयरोगाच्या पुनर्वसनातल्या ३४ रुग्णांवर छोटा प्रयोग झाला. ज्यांच्या गाण्यांची लय त्यांच्या चालण्याच्या वेगाला जुळवून दिली होती, ते दर आठवड्याला बऱ्यापैकी जास्त व्यायाम करू लागले.

पण गाणं तुम्हाला ओढून नेतं, हे लक्षात ठेवा. बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढणार नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नका. चालताना सलग वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की गाणं बदला, संथ लावा. शेवटची पाच मिनिटं तशीही संथच हवीत. आणि रस्त्यावर एक कान मोकळा.

---

जुनीपाने

थोडं अवांतर. छातीवर बोटांनी ठोकून आतली अवस्था ओळखण्याची पद्धत १७६१ मध्ये मांडणारा डॉक्टर औएनब्रुगर इतका संगीतप्रेमी होता की त्याने सालिएरी या संगीतकारासाठी ऑपेराची संहिता लिहिली. १८१६ मध्ये स्टेथोस्कोप काढणारा लाएनेक बासरी वाजवायचा आणि स्टेथोस्कोपच्या लाकडी नळ्या स्वतः कातायचा. हृदय ऐकायला शिकवणारी माणसं आधी गाणं ऐकणारी होती, हे मला फार आवडतं.

---

पायवाट

सगळं वाचलं. बाबांसाठी नेमकं काय करू, एवढं सांगाल का ताई? त्यांचा वरचा रक्तदाब अजून १४० च्या आसपास असतो.

---

मंद्रसप्तक

रोज एक ठरलेली वेळ, वीस ते तीस मिनिटं, पाठ टेकून बसून. सुरुवात त्यांच्या नाट्यगीतांनी करा, मग एखादी विलंबित आलापी किंवा संथ अभंग. आवाज इतकाच की खोलीतलं बोलणं ऐकू यावं. संपल्यावर लगेच टीव्ही लावू नका, दोन-तीन मिनिटं तसंच बसू द्या. पावियाच्या प्रयोगात रक्तदाब सर्वांत खाली आला तो त्या शांततेतच. संथ म्हणता येत असेल तर त्यांनी स्वतः गुणगुणावं, ओळीच्या शेवटी श्वास पूर्ण सोडून.

रक्तदाब मोजताना मात्र गाणं बंद. पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीवर टेकून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजा. गाण्यानंतर लगेच मोजलेला आकडा कमी येऊ शकतो. तो बघून बाबा म्हणतील की गोळी अर्धी करू या. तसं करू नका. आठवडाभर सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. १४० तसाच राहिला तर औषध बदलायचं की वाढवायचं हे त्यांनाच ठरवू द्या.